सूर्याची नावं न घेता कंबर वाकवता येईल का?

(पत्र लांब होतं. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते आहे.)

"बाई, सलाम.

मी सोलापूरची, वय 47. घरीच मशीन टाकून शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. युनिटवरून कापून माल येतो. एप्रिल-मेच्या सीझनला रात्री अकरापर्यंत मशीनवरून उठणं होत नाही. दोन वर्षांपासून कंबर धरते. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्यात मोठं काही नाही, दुखण्याच्या गोळ्या कमी करा आणि योगासनं सुरू करा, असं ते म्हणाले. बीपीची गोळी आधीपासून चालू आहे.

शेजारच्या अक्कांनी मला त्यांच्या वर्गाला नेलं. त्या पद्मशाली, आमचं लग्न होऊन आल्यापासूनचं येणंजाणं. कंबर तलावाच्या बाजूला एका हॉलमध्ये सकाळी सहाला वर्ग असतो. कंबरेला फरक आहे, खोटं कशाला बोलू. पण सुरुवातीला ओंकार आणि श्लोक असतो, सूर्यनमस्कार घालताना सूर्याची बारा नावं म्हणतात आणि शेवटी दहा मिनिटं ध्यान असतं. श्लोकाच्या वेळी मी नुसते ओठ हलवते आणि मनात येशूचं नाव घेते.

माझे दीर एका नव्या मंडळीत जातात. त्यांची दारू तिथंच सुटली, म्हणून घरात त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांचं म्हणणं, एकेक आसन एकेका दैवताला वाहिलेलं असतं, अंग वाकवलं की दुष्ट आत्म्याला दार उघडतं. मिस्टर म्हणतात, भांडण नको, सोडून दे. पुण्याची मुलगी म्हणते, मम्मी, तो फक्त व्यायाम आहे. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, मनाला पटेल ते करा. सध्या मी दूध आणायला जाते म्हणून सांगून जाते. जाऊपण गुपचूप येऊ का विचारते.

पण माझी खरी भीती वेगळी आहे. शेवटच्या ध्यानात मन जसं शांत होतं, तसं ते रविवारी उपासनेतसुद्धा होत नाही. हे पाप आहे का?

– एक बहीण, सोलापूर"

ताई, सलाम.

आधी उत्तर देते, कारण उद्या सकाळी सहाला जायचं की नाही हे तुम्हाला ठरवायचं आहे. जा. आसनं करा, श्वासाचे साधे व्यायाम करा. श्लोक आणि सूर्याची नावं म्हणू नका, ओठसुद्धा हलवू नका, आणि तसं शिकवणाऱ्या मॅडमना उघड सांगा. ध्यानाबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, ते पुढे. आणि ते दूध आणणं आज रात्रीपासून बंद. तुमच्या अख्ख्या पत्रात पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे याबद्दल कोणाचंच दुमत होणार नाही अशी गोष्ट एकच आहे, आणि ती हे दूध आहे. बाकी सगळ्यावर मोठमोठ्या लोकांनी वाद घातलेत.

नुसतं 'जा' म्हणून तुमचं भागणार नाही हे कळतं मला. घरात दीर आहेत आणि तुमच्या मनातही धाकधूक आहे. म्हणून कारणं देते.

सुरुवात मुलीपासून. 'फक्त व्यायाम आहे' हे तिचं उत्तर सोयीचं आहे, पण मला ते पटत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत 196 सूत्रं आहेत आणि त्यातली थेट आसनावरची तीन. बाकी सगळं चित्त, संयम, समाधी आणि शेवटी कैवल्य, म्हणजे पुरुषाला (आतल्या आत्म्याला) प्रकृतीपासून आपलं वेगळेपण कळणं, यावर आहे. हा मोक्षाचा मार्ग आहे आणि त्यामागे एक पूर्ण दर्शन उभं आहे. सोलापूरकरांना तर हे वेगळं सांगायला नको. आपल्या गावाचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यांना लोक शिवयोगी म्हणतात. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला 'योग म्हणजे फक्त व्यायाम' असं सांगून बघा. तुमच्या अक्कांसाठी तो श्लोक ही प्रार्थना आहे. त्यांच्या प्रार्थनेला कवायत म्हणणं हा त्यांचाही मान नव्हे आणि आपलाही.

पण सकाळी सहाला त्या हॉलमध्ये जे चालतं, ते पतंजलींचं सगळं दर्शन आहे असंही नाही. आज आपण ज्याला योगवर्ग म्हणतो त्याची घडण बरीचशी गेल्या शंभर वर्षांतली आहे, आणि त्यात आपल्याच मुलखाचा हात मोठा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत नेले, तेही सगळ्यांनी घालायचा व्यायाम म्हणून. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि आसनं-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रं लावून मोजायला घेतलं. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले ते तालमीतल्या पोरांना आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शिकवायला, आणि पुढे दोऱ्या, खुर्च्या, लाकडी ठोकळे लावून त्यांनी पाठदुखीवाल्यांना आसनं करायला लावली. तुमच्या डॉक्टरांच्या डोक्यात योगासनं म्हणजे हे आहे. जुनाट कंबरदुखीला औषधाआधी करून बघायच्या उपायांत योगाचं नाव अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनंही 2017 च्या मार्गदर्शनात घातलेलं आहे.

म्हणजे वर्गात तुमच्यासमोर तीन गोष्टी एकत्र येतात. शरीराचा व्यायाम, प्रार्थना, आणि मन शांत करण्याची रीत. त्या वेगळ्या करता येतात का, हा खरा प्रश्न. येतात. 21 जूनच्या योगदिनासाठी सरकारनं 2015 मध्ये जो सामाईक कार्यक्रम ठरवला, त्यात सूर्यनमस्कार ठेवलेच नाहीत. प्रार्थना मात्र सुरुवातीला आहे. म्हणजे काय ठेवायचं आणि काय बाजूला काढायचं हे आयोजकही ठरवतातच. मग तुम्ही ठरवलंत तर बिघडलं कुठं?

आता दीर. त्यांना हसण्यावारी नेऊ नका. ते म्हणतात तसं म्हणणारे ते एकटे नाहीत. ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मसभेनं जून 2020 मध्ये जाहीर केलं की योगाला ख्रिस्ती माणसाच्या जीवनात जागा नाही. कोविडच्या काळात तिकडची वर्तमानपत्रं ताण घालवायला योग करा म्हणत होती, त्यावर हे उत्तर होतं. केरळातल्या सिरो-मलबार चर्चच्या सिद्धान्त आयोगानं 2018 मध्ये साधारण हाच निष्कर्ष काढला. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांचे आल्बर्ट मोहलर यांनी 2010 मध्ये असंच लिहिलं आणि मोठं वादळ उठलं. उलट बाजूला रोमन कॅथलिक चर्चनं 15 ऑक्टोबर 1989 ला बिशपांना पाठवलेल्या पत्रात मधली वाट घेतली. पूर्वेकडच्या पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून फेकून देऊ नका, त्यातलं उपयोगी ते घ्या, पण ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा झाकला जाणार नाही हे बघा. हे पत्र ज्यांच्या सहीनं निघालं ते कार्डिनल रात्झिंगर पुढे पोप झाले. त्याच चर्चमध्ये आपल्या लोणावळ्याचे जेझुइट फादर अँथनी डिमेलो हजारो लोकांना श्वासावर लक्ष ठेवून प्रार्थना करायला शिकवत होते. ते 1987 मध्ये वारले आणि 1998 मध्ये रोमनं त्यांच्या लिखाणाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. तेव्हा एवढ्या मोठ्या चर्चलाही हे प्रकरण एका वाक्यात मिटवता आलेलं नाही, तिथं तुमच्या स्वयंपाकघरात ते एका जेवणात कसं मिटेल?

पाळकसाहेबांच्या उत्तरावर मात्र मी जरा नाराज आहे. 'मनाला पटेल ते करा' हे सुटका करून घेणारं उत्तर झालं. मनाला काय पटतं तेच तर तुम्हाला कळत नव्हतं, म्हणून विचारायला गेलात ना!

दिरांशी माझं जिथं पटत नाही ते सांगते. आसनात दैवत बसलेलं असतं आणि अंग वाकवलं की आपोआप पूजा घडते, हे मला पवित्र शास्त्रात कुठं सापडत नाही. पूजा मनानं होते, जिभेनं होते, हेतूनं होते. गुडघे टेकणं ही आपली प्रार्थनेची रीत आहे, पण म्हणून फरशी पुसायला गुडघ्यावर बसलेली प्रत्येक बाई काही प्रार्थना करत नसते. शरीराच्या एखाद्या आकारात इतकी शक्ती आहे की माणसाच्या इच्छेविरुद्ध तो त्याला दुसऱ्या देवाच्या ताब्यात देतो, असं मानायचं तर ख्रिस्तानं विकत घेतलेल्या माणसाला फारच कच्चं मानल्यासारखं होतं. दीर ज्या प्रभूच्या बळावर बाटलीपासून सुटले, तो प्रभू भुजंगासनापुढे हतबल होईल का? हे त्यांना चिडवायला म्हणू नका हं. शांतपणे विचारा. ज्या माणसानं व्यसनाच्या रूपात वाईट ताकद अंगावर घेतलेली आहे, त्याला दार उघडं राहण्याची धास्ती जास्तच असणार.

पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र काढा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ तेच जातं. करिंथला मूर्तीपुढे बळी दिलेल्या जनावरांचं मटण बाजारात विकायला यायचं. ख्रिस्ती माणसानं ते खावं का, यावर मंडळीत दोन तट. पौलाचं उत्तर 8 व्या आणि 10 व्या अध्यायात पसरलेलं आहे आणि ते एका ओळीत बसत नाही. बाजारात जे मिळतं ते चौकशा न करता घ्या, पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं प्रभूचं आहे. कोणाकडे जेवायला गेलात तर पुढे येईल ते खा. पण कोणी म्हणालं की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका, सांगणाऱ्या माणसासाठी आणि विवेकासाठी. आणि प्रभूच्या मेजावर बसायचं आणि दुसऱ्या मेजावरही बसायचं, हे तर जमणारच नाही.

हे तुमच्या वर्गाला लावून बघा. मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन हे बाजारातलं मटण. घ्या, प्रभूचे आभार माना, कंबर बरी करा. 'ॐ मित्राय नमः, ॐ रवये नमः' हे कोणीतरी सरळ सांगितलेलं आहे की हा नमस्कार अमक्याला आहे. इथं थांबायचं. नमस्काराच्या बारा स्थिती करायच्या असतील तर नावांशिवाय करा, नाहीतर त्या वेळात मॅडमना दुसरी आसनं विचारा. कंबरदुखीला पुढे वाकण्याचा तसाही अतिरेक नको. आणि गुरूच्या फोटोची पूजा, मंत्रदीक्षा, पाद्यपूजा असं काही पुढे आलं तर ते दुसरं मेज. काही ठिकाणी पहिले दिवस नुसता व्यायाम असतो आणि दीक्षेचं नंतर निघतं. तुमच्या पत्रावरून तुमचा वर्ग तसा वाटत नाही, पण लक्ष ठेवा.

दीर याच पत्रातला 8 वा अध्याय तुमच्यापुढे ठेवतील. 'माझ्या खाण्यानं भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही.' ठेवू देत. पण अडखळण म्हणजे काय तेही वाचा. ज्याचा विवेक नाजूक आहे तो तुमचं बघून, स्वतःच्या मनाविरुद्ध, तेच करायला लागतो आणि पडतो, ही अडखळण. दीर तुमचं बघून उद्या योगवर्गाला जातील का? नाही. ते रागावलेत, आणि रागावणं निराळं. उलट तुमच्या महिला मंडळात नुकता बाप्तिस्मा घेतलेली, सगळं माहेर तोडून आलेली एखादी बाई असेल, तर पौल तिच्याबद्दल बोलतोय. तिला तुमच्याबरोबर वर्गाला ओढू नका. तिच्यासाठी ते श्लोक म्हणजे जुन्या घराचा आवाज असेल, आणि त्या आवाजानं तिच्या मनात काय काय उठेल हे तुम्हाला बाहेरून दिसणार नाही.

जावेलाही गुपचूप नेऊ नका. तिच्या नवऱ्याला तिनं स्वतः सांगू दे. एका घरातून सकाळी सहाला दोघी दुधाला निघाल्या तर डेअरीवाल्यालाही शंका येईल.

ओठ हलवण्याबद्दल मला जरा कडक बोलू दे. श्लोक चालू असताना तुम्ही म्हणाल्याचं नाटक करता आणि आत येशूचं नाव घेता. तुम्हाला वाटतं अशानं दोघांचंही मन राखलं. पण समोरचे आपल्या देवाला हाक मारत असताना त्यांच्या सुरात आपला देव लपवून आणायचा, यात त्यांच्या प्रार्थनेचाही मान नाही आणि येशूच्या नावाचाही. काही लोक सूर्याच्या बारा नावांच्या जागी येशूची बारा नावं घालून 'ख्रिस्ती सूर्यनमस्कार' करतात. कोणाला त्यातून आशीर्वाद मिळत असेल तर माझी हरकत नाही, पण मला स्वतःला ते ना धड इकडचं ना तिकडचं वाटतं. त्यापेक्षा हात बाजूला, डोळे खाली आणि तोंड बंद. जुन्या करारातल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाचा 5 वा अध्याय वाचा. नामान कुष्ठरोगातून बरा होतो आणि अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, आता मी परमेश्वराशिवाय कोणापुढे बळी अर्पण करणार नाही, पण माझा राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा व्हावी. अलीशा त्याला व्याख्यान देत नाही. शांतीनं जा, म्हणतो. तुम्हाला तर वाकायचंही नाही, नुसतं गप्प उभं राहायचं आहे.

मॅडमना सांगायला भिऊ नका. 'मॅडम, मी ख्रिस्ती आहे. श्लोक आणि नावं चालू असतील तेव्हा मी गप्प उभी राहीन, बाकी सगळं करीन. चालेल ना?' एवढंच. सोलापुरात तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू एका गल्लीत नांदतात, असल्या गोष्टी लोकांना नव्या नाहीत. अक्कांना मात्र मॅडमच्या आधी सांगा, नाहीतर त्यांना वाटेल की त्यांनी नेलं म्हणून तुमची पंचाईत झाली. त्या ओट्यावर भेटतील तेव्हा सांगा. एवढ्या वर्षांच्या येण्याजाण्यात त्यांनी तुमच्याकडचा नाताळचा फराळ खाल्लाय, आणि तुम्ही त्यांच्याकडच्या पूजेला हात जोडत नाही हेही त्यांनी पाहिलेलं असेलच.

आता तुमची खरी भीती. पत्रातला हा भाग मी पुन्हापुन्हा वाचला.

डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून, श्वास सावकाश घेत दहा मिनिटं बसलं की नाडी संथ होते, स्नायू सैल पडतात, डोक्यातली गर्दी उतरते. हे कोणाही माणसाला होतं, हिंदूला, ख्रिस्त्याला, काहीच न मानणाऱ्यालाही. दिवसभर मशीनचा आवाज कानात असलेल्या बाईला तर ते अमृतासारखं वाटणारच. देवानं शरीर असंच घडवलंय. ते घाबरण्यासारखं नाही. पण ती शांती म्हणजे पवित्र आत्म्याची भेट, असंही समजू नका. 1989 च्या त्या पत्रात ही सूचना स्पष्ट आहे, अंगाला वाटणाऱ्या समाधानाला आत्म्याचं सांत्वन समजू नये. मी कॅथलिक नाही, तरी मला हे वाक्य सोन्याचं वाटतं.

कारण प्रार्थनेनं शांत वाटलंच पाहिजे असा नियम नाही. स्तोत्रकर्ता निम्म्या वेळेला तक्रार करत असतो, किती काळ, हे परमेश्वरा, किती काळ. गेथशेमाने बागेत येशूनं प्रार्थना केली तेव्हा त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूक लिहितो. त्या रात्री शांतपणे झोपलेले शिष्य होते! तेव्हा रविवारी उपासनेत तुमच्या मनात घरचं, मालाचं, मुलीच्या लग्नाचं येतं आणि वर्गातल्या ध्यानात येत नाही, यावरून कुठं देव आहे आणि कुठं नाही याचा हिशेब मांडू नका.

पण यात आपल्या मंडळ्यांचाही दोष आहे, तो पदरात घेऊ. आपल्या उपासनेत गप्प बसायला जागा कुठं उरली आहे? गीत, वाचन, सूचना, वर्गणी, माईकवरून दहा मिनिटांची प्रार्थना, तीही अशी की देवाला बातम्या सांगतोय असं वाटावं. नव्या मंडळ्यांत तर कीबोर्ड क्षणभर थांबत नाही. मग बाईला शांतता योगवर्गात सापडली तर नवल काय! स्तोत्र 46 देवासमोर शांत राहायला सांगतं. स्तोत्र 1 मधला धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातले ख्रिस्ती संन्यासी एखादी छोटी ओळ घेऊन तीच दिवसभर म्हणत. पुढे ऑर्थोडॉक्स परंपरेत 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, मज पाप्यावर दया कर' ही प्रार्थना श्वासाच्या लयीवर म्हणण्याची रीत पडली. गंमत बघा, योगाला बंदी घालणारं ग्रीक चर्च या प्रार्थनेचं माहेरघर आहे. ते म्हणतील, आमच्याकडे श्वास नाही, नाव महत्त्वाचं. आणि ते बरोबरच म्हणतील.

म्हणून वर्गातल्या त्या दहा मिनिटांचं असं करा. मॅडम नुसतं डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, ज्याला जे इष्ट ते आठवा म्हणत असतील, तर बसा आणि स्तोत्रातली एक ओळ मनात धरा. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' पुरे. इथं येशूचं नाव घेणं मला खटकत नाही, कारण इथं कोणाची प्रार्थना मोठ्यानं चाललेली नाही, प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी आहे. पण 'मीच ब्रह्म आहे' असं मनात घोळवायला सांगत असतील तर त्या वेळी उठून चटई गुंडाळा. अद्वैत हा मोठा विचार आहे, मला त्याचा आदर आहे. पण निर्माता एक आणि मी त्याची निर्मिती, हे आपल्या विश्वासाचं पहिलं पान आहे, ते फाडून पुढचं वाचता येत नाही. आणि घरी, पहाटे मशीनवर बसण्याआधी, तीच ओळ घेऊन पाच मिनिटं बसा. रविवारी मिळत नाही ते रोज घ्या.

इथल्या मातीतलं किती घ्यायचं, हा प्रश्न आपल्या आधीच्यांनाही पडला होता, आणि त्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग घेतला, कीर्तन घेतलं, शेवटी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. आज आपण त्यांची गीतं गातो तेव्हा ही चाल कोणाची असं कोणी विचारत नाही. पण आपल्याच रेल्वे लाईनवर, पुण्याला जाताना लागणाऱ्या केडगावला पंडिता रमाबाई होत्या. संस्कृत शास्त्रं त्यांच्याइतकी किती जणांना येत होती? त्यांनी बायबलचं मराठी केलं तेव्हा हिंदू दर्शनांचे अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द मुद्दाम टाळले, साध्या बायकांना कळेल असं लिहिलं. दोघंही खरे ख्रिस्ती, दोघंही खरे मराठी. एकानं पूल बांधला, दुसरीनं कुंपण घातलं. तुमच्या घरात तुम्ही टिळकांच्या बाजूला झुकताय आणि दीर रमाबाईंच्या. दिरांना ही गोष्ट सांगून बघा, त्यांना आवडेल असं मला वाटतं.

मिस्टरांना मात्र आधी सांगा, दिरांच्या आधी, दोघंच असताना. 'सोडून दे' असं ते म्हणतात तेव्हा त्यांना रोजच्या कटकटीची भीती आहे, आसनांची नाही. मग दिरांना एक प्रश्न विचारा, जेवताना नको, चहाच्या वेळी. हीच आसनं फिजिओथेरपिस्टनं दवाखान्यात शिकवली तर चालेल का? चालेल म्हणाले, तर वाद नावाचा आणि श्लोकाचा आहे, आणि श्लोक तर तुम्ही म्हणणारच नाही. चालणार नाही म्हणाले, तर सीझनला तुमच्याऐवजी मशीनवर कोण बसणार तेही विचारून घ्या.

आणि एवढं सगळं करूनही सहाच्या वर्गाला जाताना मन खातच राहिलं, तर सोडा. रोमकरांच्या पत्राच्या 14 व्या अध्यायात पौल म्हणतो ते खरं आहे, विश्वासानं जे केलेलं नाही ते पाप. दिरांच्या धाकानं सोडू नका, स्वतःच्या विवेकानं सोडा. फिजिओथेरपिस्ट याच जातीचे ताण देणारे व्यायाम शिकवतात, कंबरेचं काही नुकसान होणार नाही. अक्कांबरोबर तलावाकाठी चालायला जा, मैत्री राहील.

आता राहिलं शरीराचं. मॅडमना बीपीची गोळी चालू असल्याचं पहिल्यांदा सांगा. जोरजोरात करायची कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं आणि शीर्षासन, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मशीनसमोर पाठीला टेकू देणारी खुर्ची घ्या, स्टुलावर बसू नका, आणि अर्ध्या अर्ध्या तासानं उठून चार पावलं टाका, माल कितीही तुंबलेला असो. दुखणं कंबरेतून पायात उतरलं, मुंग्या आल्या, पाय बधिर वाटला किंवा लघवीवरचा ताबा सुटल्यासारखं झालं, तर वर्ग आणि वाद दोन्ही सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बीपीची गोळी प्राणायामानं बंद झाली असं वर्गात कोणी सांगेल, प्रार्थनेनं बंद झाली असं दिरांच्या मंडळीत कोणी सांगेल. तुमची बंद करायची की नाही ते डॉक्टर पट्टा बांधून, मोजून ठरवतील.